वर्षाचा प्रकल्प आणि पिढ्यांचा प्रश्न

महाविद्यालयांच्या परीक्षा संपल्या म्हणजे प्रयोगशाळेच्या एखाद्या कोपऱ्यांत दरवर्षीं एकच देखावा दृष्टीस पडतो. लांकडी फळीवर बसविलेलीं लहान यंत्रें, तारांचीं भेंडोळीं, पुठ्ठ्याचीं घरें, आणि त्यांच्या शेजारीं सोनेरी अक्षरांचे जाडजूड अहवाल एकावर एक रचून ठेवलेले असतात. महिन्यापूर्वीं या यंत्रांभोंवतीं परीक्षक उभे होते, विद्यार्थ्यांचे आईबाप कौतुकानें पाहत होते, छायाचित्रें निघत होतीं. आतां त्यांच्यावर धूळ बसूं लागलेली असते. पुढील वर्षींचे विद्यार्थी आले कीं त्यांतील चालू असलेली मोटर काढून नव्या यंत्राला बसवितात, आणि उरलेला सांगाडा अडगळींत जातो. ज्या शेतकऱ्याच्या अडचणीवर उपाय म्हणून तें यंत्र निघालें होतें, त्याच्या बांधापर्यंत मात्र तें बहुधा पोहोंचलेलें नसतें. असें कां व्हावें, हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनीं तरी स्वतःस अवश्य विचारावा. कारण विद्या आणि व्यवहार यांची सांगड घालण्याचा उद्योग या भूमीस नवा नाहीं.

१९४९ पर्यंत हे दोन जिल्हे बहुतांशीं एकच होते. त्या वर्षीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्थेचें बीज रोंवलें; तिच्या वसतिगृहांतील मुलें स्वतः कष्ट करून शिकलीं, आणि १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय उभें राहिलें. त्याच १९४७ सालीं धोंडुमामा साठे यांच्या प्रयत्नानें सांगलीस ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ निघालें. तेंच १९५५ पासून वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखलें जातें. १९६० सालीं कराडास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय झालें, आणि १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन हा सर्व टापू त्याच्या छायेखालीं आला. २००६ सालापासून राज्यांतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘आविष्कार’ नांवाचा संशोधन-महोत्सव भरूं लागला. म्हणजे विद्यार्थ्यास संशोधनाची संधि नाहीं, अशी तक्रार आज करतां येणार नाहीं. उणीव आहे ती दुसरीकडे.

प्रथम या प्रदेशाचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत माण, आटपाडी, जत या तालुक्यांत गेलें म्हणजे तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो, आणि तोहि दरवर्षीं वेळेवर येईल असा भरंवसा नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत माणदेशांत जनावरें छावणींत उभीं होतीं, आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टांत सांगली शहराच्या रस्त्यांतून नावा चालत होत्या. एकाच वर्षांत, एकाच खोऱ्यांत, एकाला पाणी नाहीं म्हणून गांव सोडावें लागतें आणि दुसऱ्याला पाणी आलें म्हणून. अशा प्रदेशांतील विद्यार्थ्यास विषय शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं.

पुराचेंच उदाहरण घ्यावें. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलें. तेव्हांपासून पाण्याची पातळी आपोआप मोजून दूरध्वनीवर संदेश पाठविणारें यंत्र, हा विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय होणें स्वाभाविक आहे. ध्वनिलहरी पाण्यावर आपटून परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतर काढावयाचें, हें तत्त्व सोपें आहे आणि लागणारें साहित्यहि स्वस्त आहे. प्रयोगशाळेंतील पिंपावर असें यंत्र बिनचूक चालतें. परंतु महापुराच्या रात्रीं वीज जाते, संदेश वाहणारे मनोरे बंद पडतात, आणि ज्या घटकेस यंत्राची गरज, नेमक्या त्याच घटकेस तें मुकें होतें. हा झाला यंत्राचा दोष. तो दूर करतां येईल.

याहून मोठा दोष प्रश्नांतच आहे. नदीकांठच्या गावभागांत किंवा सांगलवाडींत राहणाऱ्या माणसास पुलापाशीं किती फूट पाणी आहे हें नुसतें कळून भागत नाहीं. त्याला विचारावयाचें असतें तें असें: “पुलावर अमुक फूट झालें म्हणजे माझ्या दाराशीं पाणी केव्हां येईल? आजारी आईस आतां हलवूं, कीं सकाळपर्यंत थांबूं?” या प्रश्नाचें उत्तर ध्वनिलहरींच्या यंत्रांत नाहीं. तें गल्लीगल्लीची उंची मोजण्यांत आहे. तलमापक घेऊन जमिनीचे चढउतार मोजणें हें स्थापत्याच्या विद्यार्थ्यास पहिल्या दोन वर्षांतच शिकविलें जातें. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा जेथें भिंतींवर अथवा वृद्धांच्या स्मरणांत आहेत, तेथें त्या टिपून घ्याव्या, प्रत्येकीची उंची पुलाच्या मापाशीं जोडावी, आणि पुलावर किती फूट झालें असतां कोणती गल्ली बुडते याचा तक्ता करून तो चौकांत रंगवावा. यांत दिपविणारें कांहीं नाहीं. प्रदर्शनांत त्यास पारितोषिकहि कदाचित् मिळणार नाहीं. परंतु तो तक्ता वीज गेली तरी वाचतां येतो.

दुसरें उदाहरण तासगांवच्या बेदाण्याचें. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. द्राक्षाचे घड विशिष्ट द्रावणांत बुडवून, बाजूंनीं मोकळ्या असलेल्या शेडमध्यें जाळीच्या मजल्यांवर पसरावयाचे आणि सुमारें दोन आठवडे सावलींत वाळवावयाचे, ही येथील रीत. ढोबळ मानानें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. या धंद्यावर उपाय म्हणून सूर्याच्या उष्णतेवर चालणारी वाळवण-पेटी विद्यार्थी करूं जातात. तीन-चार किलो द्राक्षें तींत दोन-तीन दिवसांत वाळतात, आणि “वेळ वांचला” असा निष्कर्ष अहवालांत येतो. परंतु बागाईतदाराजवळ माल किलोंत नसतो, टनांत असतो. आणि त्याला घाईहि नसते. उष्णता फार झाली तर बेदाण्याचा हिरवट सोनेरी रंग जाऊन तो तांबूस होतो व भाव उतरतो. त्याची खरी भीति निराळी आहे. माल शेडवर असतांना मध्येंच दोन दिवस आभाळ आलें, अवकाळी पावसानें हवा दमट झाली, म्हणजे बेदाणा काळा पडतो आणि वर्षाचें उत्पन्न जातें. “सगळा माल लौकर वाळवून द्या,” असें तो म्हणत नाहीं; “ते दोन दिवस निभावून न्या,” एवढेंच त्याचें मागणें असतें. हें मागणें कळण्यास शेडमध्यें जाऊन त्याच्याशेजारीं बसावें लागतें.

येथेंच दुसरी अडचण उभी राहते. बेदाण्याचा हंगाम माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंतचा, आणि विद्यार्थ्याचा प्रकल्प एका शैक्षणिक वर्षाचा. हंगाम ऐन भरांत येतो तेव्हां अहवाल लिहावयाची वेळ आलेली असते. त्याच्या वांट्यास फार तर एक हंगाम येतो, आणि त्या हंगामांत आभाळ आलेंच नाहीं तर उपायाची परीक्षाहि होत नाहीं. महापूर तर कित्येक वर्षांतून एकदां येतो. प्रश्न पिढ्यांचा आणि उत्तर देणारा वर्षाचा पाहुणा, हा मूळ विसंवाद आहे. त्याबद्दल विद्यार्थ्यांच्या आळसास बोल लावणें अन्यायाचें होईल.

हा विसंवाद कसा मिटवावा, याचे धडे याच भूमींत सांपडतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत लोखंडी नांगर केला तेव्हां तो विकत घ्यावयास शेतकरी तयार होईनात; लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत होती. म्हणून लक्ष्मणरावांनीं नांगराचा नाद सोडला नाहीं. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनीं कारखाना उभारला, आणि तेथील नांगर पुढें महाराष्ट्रभर गेला. वस्तु तयार होणें आणि वस्तु स्वीकारली जाणें यांमध्यें वर्षें जातात, हें त्यांना ठाऊक होतें.

दुसरा धडा अलीकडचा आहे. १९८२ च्या गिरणी-संपानंतर खानापूर तालुक्यांत कित्येक कामगार गांवीं परतले. त्याच सुमारास तेथें दुष्काळ होता, आणि येरळा नदीच्या पात्रांतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली म्हणजे तिच्यांत मुरून राहणारें पाणी गेलें, आणि कांठच्या विहिरी आटल्या. तेव्हां बलवडी आणि तांदुळवाडी या गांवच्या लोकांनीं मुक्तिसंघर्ष चळवळीच्या साह्यानें स्वतःचें धरण बांधण्याचें ठरविलें. विज्ञान-चळवळीचे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अनुभवी अभियंते त्यांच्याशेजारीं येऊन बसले. पात्रांतील थोडीच वाळू गावकऱ्यांनीं स्वतः विकून खर्चाचा कांहीं भाग उभा केला, आणि त्या दशकाच्या अखेरीस ‘बळीराजा स्मृति धरण’ उभें राहिलें. त्याचें पाणी जमिनीच्या नव्हे, कुटुंबाच्या हिशेबानें वांटावें, भूमिहीनालाहि वांटा असावा, हा आग्रह गावकऱ्यांचाच होता. तंत्रज्ञान तज्ज्ञांचें, प्रश्न गांवाचा, आणि निर्णयहि गांवाचा, अशी ही वांटणी होती.

या दोन धड्यांवरून महाविद्यालयांनीं काय घ्यावें? प्रत्येक विभागानें आपल्या जिल्ह्यांतील तीन-चार प्रश्न निवडावे आणि ते दहा वर्षें सोडूं नयेत. राज्याची भूजल यंत्रणा निवडक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेते. परंतु एका विहिरीवरून सबंध गांवाचें पोट कळत नाहीं. आटपाडी किंवा जत येथील एखादें महाविद्यालय आपल्या आसपासच्या पन्नास विहिरी निवडून त्याच चार महिन्यांत मोजूं लागलें, तर पहिल्या वर्षींच्या चौघांच्या हातीं फक्त आंकडे येतील. त्यांना त्याचे गुण मिळाले पाहिजेत. तिसऱ्या वर्षींच्या चौघांना पावसाशीं मेळ घालतां येईल. दहाव्या वर्षींचे चौघे गांवापुढें उभे राहून सांगूं शकतील, कीं यंदा इतकें पाणी आहे, यावर अमुक पीक निभेल आणि अमुक निभणार नाहीं.

यासाठीं नवें यंत्रमंदिर नको. एक वही पुरे. आदल्या वर्षींच्या विद्यार्थ्यांनीं ती पुढच्यांच्या हातीं द्यावी. तींत फसलेला प्रयोगहि स्पष्ट लिहिलेला असावा, कारण झांकून ठेवलेली चूक पुढच्या चौघांस पुन्हां करावी लागते. परीक्षकानेंहि “यंत्र चालतें काय?” एवढेंच न विचारतां, “हें ज्याच्यासाठीं केलें त्याचें नांव काय, आणि तो काय म्हणाला?” असें विचारावें. हा एक प्रश्न प्रत्येक परीक्षेस येऊं लागला, तर विद्यार्थी आपोआप बांधावर जातील.

पदवी घेऊन विद्यार्थी पुण्यास जातील, मुंबईस जातील, समुद्रापलीकडेहि जातील, त्यांनीं जावें. मागें राहणारी वही मात्र आटपाडीच्या विहिरीपाशीं आणि तासगांवच्या शेडमध्यें उघडी राहिली पाहिजे. पुढल्या मे महिन्यांत कोणी तरी पुन्हां दोर सोडून पाणी मोजील, आणि मागल्या पानावरील आंकड्याशीं तो नवा आंकडा ताडून पाहील.