गलबताचं वजन



मला लोक ओळखतात ते, ओळखत असलेच तर, कवी म्हणून. आज मात्र मी आरमाराविषयी बोलणार आहे. त्यातही खऱ्या नाही, खेळातल्या आरमाराविषयी. पण या खेळानं मला गेल्या वर्षी न्याय या शब्दाचा पुन्हा विचार करायला लावला, म्हणून ही गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. रात्री जेवणं उरकली की तो आणि त्याचे दहा-बारा मित्र, कुणी नागपूरला, कुणी बंगळुरूला, इंटरनेटवर एक ऐतिहासिक मोहीम लढतात. धडाधड गोळ्या झाडण्याचा हा खेळ नव्हे. प्रत्येकाकडे काही जहाजं असतात. आठवड्यातून एकदा आपले हुकूम पंचाकडे गुपचूप पाठवायचे. पंच वारा, भरती-ओहोटी पाहतो, फासे टाकतो आणि समुद्रात काय घडलं ते सगळ्यांना कळवतो. खेळाची ही जात जुनी आहे. जगातल्या लढाऊ जहाजांची माहिती देणारं प्रसिद्ध पुस्तक १८९८ साली काढणाऱ्या फ्रेड जेन या इंग्रजानं असाच खेळ तयार केला होता. तो टेबलावर खेळायचे, हा संगणकावर, एवढाच फरक.

मुलांनी निवडलेली मोहीम होती १६७९ सालच्या खांदेरीची. खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर असलेलं छोटं बेट. त्या वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांनी तिथे तट बांधायला घेतला. मायनाक भंडारी बेटावर होते. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं. त्यांनी जहाजं पाठवली. नोव्हेंबरात सिद्दी कासमचं आरमारही त्यांच्या मदतीला आलं.

आता भाच्याची अडचण सांगतो. खेळात प्रत्येक जहाजाला आकडे द्यावे लागतात. वेग किती, तोफा किती, माणसं किती, लाकूड किती मार सोसेल. पहिल्या फेरीत त्यांनी पुस्तकं पाहून प्रामाणिकपणे आकडे दिले. इंग्रजांकडे रिव्हेंज हे मोठं जहाज, दोन गुराब, तीन शिबाडं आणि दोन मचवे. मराठ्यांकडे पन्नासेक गलबतं. तीन आठवड्यांत रिव्हेंजनं सगळी गलबतं बुडवली. मराठ्यांच्या बाजूनं खेळणारी मुलं रुसली. मग गलबतांच्या तोफा वाढवल्या, तर पहिल्याच आठवड्यात रिव्हेंजच्या फळ्या झाल्या. आता इंग्रजांच्या बाजूची मुलं कंटाळली. एक आकडा वर, एक खाली, असं करता करता दोन महिने गेले. शेवटी भाच्याचा फोन आला. "मामू, तुम्ही पंच व्हा. तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही."

मी म्हटलं, "अरे, मी बीए मराठी. मला तोफेतलं काय कळतंय?"

पण बसलो. आमचं घर रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. आजोबा मचव्यावर तांडेल होते. समुद्र मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकलेला आहे. मुलांचा तक्ता समोर घेतला आणि एक गोष्ट चटकन लक्षात आली. तक्त्यात जहाजं होती, पण समुद्र नव्हता. सगळीकडे सारखंच पाणी, सारखाच वारा आणि अखंड दिवस.

त्या ऑक्टोबरात काय घडलं होतं पाहा. १८ तारखेला मराठी आरमारानं इंग्रजांवर हल्ला चढवला. डव्ह नावाचा त्यांचा गुराब मराठ्यांनी पकडला आणि बाकीची जहाजं पांगली. एकटं रिव्हेंज, त्यावर मिंचिन आणि केग्विन, टिकून राहिलं. इंग्रजांच्या हकिकतीप्रमाणे त्यानं पाच गलबतं बुडवली आणि उरलेल्यांना नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळलं. म्हणजे उघड्या पाण्यात, दिवसाउजेडी, वारा असताना एक मोठं जहाज पन्नास गलबतांना भारी पडलं. मुलांचे पहिले आकडे काही चुकीचे नव्हते.

पण मग बेट मराठ्यांकडे राहिलं कसं? तर रात्री वारा पडला की वल्ही मारत छोटी गलबतं उथळ पाण्यातून बेटाकडे जायची. धान्य, दारूगोळा, माणसं उतरवायची आणि उजाडायच्या आत खाडीत परत. त्या पाण्यात रिव्हेंज शिरू शकत नव्हतं आणि वाऱ्याशिवाय हलूही शकत नव्हतं. आपली मोठी जहाजं या चपळ होड्यांना अडवू शकत नाहीत, ही कबुली इंग्रजांनीच देऊन ठेवली आहे. जानेवारी १६८० मध्ये ते माघारी गेले.

शाळेत वृत्तं शिकलेल्यांना आठवत असेल. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. पण पुढे जोडाक्षर येऊन आघात पडला की तेच अक्षर गुरू होतं, त्याच्या दोन मात्रा. 'सत'मधला स लघु, 'सत्य'मधला स गुरू. अक्षर तेच, शेजार बदलला आणि वजन बदललं. गझलेत तर आम्ही वजन हाच शब्द वापरतो. मी भाच्याला म्हटलं, तुम्ही अक्षरं सुटी सुटी तोलताय. गलबत ओळीत ठेवून तोला. भर समुद्रात ते लघु आहे, खडकांमध्ये रात्री ते गुरू आहे.

मग आम्ही गलबतांच्या वाढवलेल्या तोफा काढून टाकल्या. आकडे मूळचेच ठेवले आणि नकाशा बदलला. पाण्याची खोली आली, रात्र आली, पडणारा वारा आला. प्रत्येक जहाजाला तरंगायला किती पाणी लागतं, हा नवा रकाना आला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जिंकणं कशाला म्हणायचं ते बदललं. आधी बुडवलेल्या जहाजांवर गुण होते. पण महाराजांना इंग्रजांची जहाजं बुडवायची नव्हतीच, त्यांना तट उभा करायचा होता. तेव्हा गुण आता बेटावर पोचलेल्या शिध्याला आणि दगडाला. इंग्रजांना गुण ते अडवल्याबद्दल.

यात माझाही हात एकदा हलका झाला, ते लपवत नाही. वल्ह्यांवर गलबत तासाला चार मैल जाई, असं जुन्या इंग्रजी वर्णनांत आहे. मी ती चाल रात्रभरासाठी लावून दिली. भाच्यानं विचारलं, "मामू, वल्हवणारा माणूस दमत नाही?" माझे कान लाल झाले. आजोबांच्या तळहातांचे घट्टे मी लहानपणी बोटांनी चाचपले आहेत. तोच मी वल्हवणाऱ्याला यंत्र करून बसलो होतो, आपलं माणूस जिंकावं म्हणून. आम्ही दमण्याचा नियम घातला. दोन तास जोरात वल्हवलं की चाल निम्मी.

आणि मग सिद्दीचा प्रश्न आला. सिद्दीला मोगलांचा पैसा होता, त्याच्याकडे दणकट जहाजं होती, हा किनारा त्याला तोंडपाठ होता. मी त्याला आकडे दिले तेही तसेच, भक्कम. दुसऱ्या दिवशी मराठ्यांच्या बाजूच्या एका मुलाचा सगळ्यांना निरोप: "पंचांचा कल कुठे असणार, हे काय सांगायला हवं?" पुढे हसण्याचं चिन्ह.

श्रोतेहो, हे वाक्य मला नवीन नाही. या वयात ते लागू नये, पण लागलं. भाचा चिडला, म्हणाला, त्याला काढूनच टाकतो. मी म्हटलं, थांब. त्याच्या शंकेला आकड्यानंच उत्तर देऊ.

मी दोन गोष्टी केल्या. सिद्दीचे आकडे कसे काढले ते एकेक करून सगळ्यांना लिहून पाठवलं आणि विचारलं, यातला कोणता खोटा आहे? सिद्दीला आपण दुबळा करू शकतो, मोहीम चार आठवड्यांत जिंकू. पण मग महाराजांनी एका वेळी दोन आरमारांच्या नाकावर टिच्चून तट बांधला, या पराक्रमाचं काय उरलं? समोरच्याला खुजा केलं की आपली उंचीही तेवढीच कमी होते. दुसरी गोष्ट अगदी छोटी. मराठी आरमाराच्या तक्त्यावर सरदाराच्या नावाचा रकाना मुलांनी रिकामा ठेवला होता. तो मी भरला. नाव लिहिलं, दौलतखान. खांदेरीच्या पाण्यात महाराजांच्या आरमाराचं नेतृत्व त्यांच्याकडेच होतं. त्याखाली एक अक्षरही जास्त लिहिलं नाही.

निरोप येणं थांबलं. मोहीम पुढे बरेच आठवडे चालली. इंग्रजांनी दिवसा मार दिला, मराठ्यांनी रात्री शिधा पोचवला. सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली, जशी त्यानं खरोखरच जानेवारी १६८० मध्ये बळकावली होती. तट पुरा झाला तेव्हा मराठ्यांकडे निम्मीच गलबतं उरली होती. हरलेली मुलंही म्हणाली, पुन्हा खेळू.

तोलायचं म्हणजे दोन्ही पारडी सारखी करायची, असं मी आजवर समजत होतो. या मुलांनी मला शिकवलं की प्रत्येकाला त्याचं खरं वजन द्यायचं आणि त्या वजनानिशी लढता येईल असं पाणीही द्यायचं. आपल्या माणसाला चोरून एक आकडा वाढवून देणं सोपं असतं. मीही तो वाढवला होता. आपल्याला टोकणारा एक भाचा जवळ हवा.

आणि तोलाची खरी परीक्षा कोणती, तेही कळलं. दुसऱ्या फेरीत आम्ही बाजू बदलल्या. चिठ्ठ्या टाकल्या, तर माझ्या कलाची काळजी करणाऱ्या त्या मुलाच्या वाट्याला सिद्दी आला. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा निरोप, या वेळी फक्त मला: "मामू, राग मानू नका, पण सिद्दीच्या जहाजांना वेग जरा कमीच दिलाय असं नाही वाटत?"

मी वेग वाढवला नाही. त्याला भरतीचं वेळापत्रक तेवढं पाठवून दिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)