कात्री चालविण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा माझा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचा एखादा भाग घ्यावा, त्याची काटछाट करावी आणि त्याची आपली अशी नवी आवृत्ती तयार करावी, हा तो विषय. "मास्तर, मुलांच्या हातातला मोबाईल काढून घ्यायचे सोडून तुम्ही त्यांना हे शिकविता?" असे एका पालकांनी मला विचारलेही. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणूनच मी आज उभा आहे.

प्रथम ही गोष्ट काय आहे ते सांगतो. चित्रपट किंवा मालिका आवडीने पाहणारा एखादा रसिक ती पुन्हा संकलित करतो. काही प्रसंग गाळतो, काहींचा क्रम बदलतो. इंग्रजीत याला 'फॅन एडिट' म्हणतात. 1999 साली 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द फँटम मेनेस' हा चित्रपट आला. पुष्कळ चाहत्यांची त्यामुळे निराशा झाली. त्यांतल्या एका संकलकाने त्यातील सुमारे 18 मिनिटे काढून टाकली. ही आवृत्ती 'द फँटम एडिट' या नावाने 2001 च्या सुमारास व्हिडिओ कॅसेटवरून हातोहाती फिरली. त्या काळी या कामाला खास यंत्रसामग्री लागे. आज ते सामर्थ्य तुमच्या खिशात आहे, आणि माझ्या काळजीचे कारणही तेच आहे.

आता मी वर्गात घेतलेल्या भागाविषयी बोलतो. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दाखविली गेली. वडीलधाऱ्यांना ते अवकाशयान आणि टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक आठवत असेल. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी. त्यांनी 'द केज' नावाचा पहिला नमुना भाग तयार केला. 1965 साली एनबीसी या वाहिनीने तो नाकारला आणि दुसरा मागविला. तो पसंत पडून 8 सप्टेंबर 1966 रोजी मालिका सुरू झाली. पण थोड्याच दिवसांत नवे भाग वेळेवर तयार होईनात. तेव्हा रॉडनबेरींनी कपाटात पडलेला तो नाकारलेला भाग बाहेर काढला, त्याच्याभोवती नवी कथा रचली आणि नोव्हेंबर 1966 मध्ये 'द मेनॅजरी' या नावाने त्याचे दोन भाग दाखविले. 1967 साली विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार याच कृतीला मिळाला. जुने कापड उसवून शिवलेला हा नवा अंगरखा होता म्हणा ना!

त्यात एक गंमत आहे, ती नीट ऐका. मूळ 'द केज'मध्ये कॅप्टन पाईक एका परक्या ग्रहावर कैद होतो. तेथील लोकांना माणसाच्या मनात हुबेहूब भास निर्माण करण्याची विद्या अवगत आहे. त्या ग्रहावर व्हिना नावाची एक जखमी, विद्रूप झालेली स्त्री राहते. पाईक शेवटी सुटून आपल्या यानाकडे निघतो. जाताना त्याला दिसते, की व्हिना पुन्हा सुंदर झाली आहे आणि तिच्यासोबत एक पाईक हातात हात घालून चालला आहे. हा दुसरा पाईक म्हणजे भास. तो व्हिनाच्या सोबतीसाठी दिलेला आहे. खरा पाईक परत गेला.

'द मेनॅजरी'मध्ये मधली तेरा वर्षे लोटली आहेत. अपघातात पाईक पूर्ण अपंग झाला आहे. त्याला बोलता येत नाही. खुर्चीवरचा दिवा एकदा लुकलुकला तर 'होय', दोनदा लुकलुकला तर 'नाही', एवढीच त्याची भाषा. स्पॉक आपला जीव धोक्यात घालून, लष्करी न्यायालयाला सामोरा जाऊन, आपल्या जुन्या कप्तानाला त्या ग्रहावर पोचवितो. शेवटी पडद्यावर तेच दृश्य येते. तीच व्हिना, तोच पाईक, तेच हातात हात घालून चालणे. पण आता त्याचा अर्थ असा, की खरा पाईकच तेथे परतला आहे आणि भासाच्या आधाराने सुखी झाला आहे. दृश्यातले काहीही बदलले नाही. बदलले ते मागचे-पुढचे प्रसंग आणि दोन-चार शब्द. तरी अर्थ पार उलटला.

विद्यार्थी मित्रांनो, संकलन म्हणजे काय ते या एका उदाहरणात आहे. जो कापतो, तो नुसती लांबी कमी करीत नाही. तो अर्थ ठरवितो.

आता काम कसे करावयाचे ते थोडक्यात सांगतो. पहिला नियम, मूळ प्रतीला हात लावू नये. 'द मेनॅजरी' करताना मूळ रंगीत फिल्मच कापली गेली. परिणामी 1986 साली 'द केज' व्हिडिओ कॅसेटवर आला, तेव्हा त्याचा काही भाग रंगीत आणि काही कृष्णधवल होता. पुढे कापलेले तुकडे सापडले, म्हणून 1988 मध्ये तो संपूर्ण रंगीत दाखविता आला. सगळ्यांचे तुकडे असे सापडत नाहीत. म्हणून आधी नक्कल काढावी आणि नक्कलेवरच काम करावे.

दुसरा नियम, कापण्यापूर्वी वही घ्यावी. भाग तीनदा पाहावा. प्रत्येक प्रसंग कोणत्या मिनिटाला सुरू होतो, कोठे संपतो आणि तो कथेत कशासाठी आहे, हे लिहावे. 'कशासाठी' हा रकाना भरता येत नसेल, तर तो प्रसंग आपल्याला समजलेला नाही. जे समजले नाही ते कापू नये.

तिसरा नियम आवाजाचा. चित्र एका क्षणात बदललेले डोळ्याला चालते, पण मागचे संगीत मध्येच तुटले की कानाला लगेच कळते. म्हणून चित्र एका ठिकाणी कापावे आणि आवाज थोडा आधी किंवा थोडा नंतर जोडावा.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. काय काढले, कोठून काढले आणि का काढले, याची यादी करून ती आवृत्तीसोबत ठेवावी. आरंभी पाटी लावावी, की ही मूळ कृती नव्हे, अमक्याने बदललेली आहे. आणखी एक, मूळ कृतीचा हक्क तिच्या मालकाचा असतो. आम्ही विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून हा अभ्यास केला. ती आवृत्ती वर्गाबाहेर गेली नाही आणि जाणार नाही.

आता हा उद्योग मी का आरंभिला ते सांगतो.

काही दिवसांपूर्वी एका शाळेत वादविवाद स्पर्धा झाली. नववीतल्या एका मुलीने स्त्रीशिक्षणाच्या बाजूने फार छान भाषण केले. चांगला वक्ता आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतो. तिनेही तसेच केले. ती म्हणाली, "काही लोक म्हणतात की मुलींनी दहावीच्या पुढे शिकण्याची गरज नाही," आणि मग पाच मिनिटे त्या म्हणण्याचा समाचार घेतला. वर्गातल्या एका मुलाने गंमत म्हणून "काही लोक म्हणतात की" एवढेच शब्द उडविले आणि उरलेले एक वाक्य मोबाईलवर पाठविले. दोन सेकंदांची काटछाट! संध्याकाळपर्यंत ते साऱ्या मोहल्ल्यात फिरले.

मैत्रिणी हसल्या, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्या घरात आई मुलीच्या कॉलेजसाठी वर्षभर धीराने बोलणी करीत होती. मुलीच्या बडे अब्बांनी तो तुकडा पाहिला आणि म्हणाले, "आता काय बोलायचे राहिले? पोरगी स्वतःच सांगते आहे." मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई आमच्याकडे आली. तिने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, "सर, पूर्ण भाषण असेल तर द्या."

सुदैवाने संपूर्ण ध्वनिचित्रण शिल्लक होते. मुख्याध्यापक आणि मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. बडे अब्बांनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले. बराच वेळ गप्प राहिले. मग मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "बेटा, मी अर्धेच ऐकले होते." कॉलेजचा निर्णय अजून व्हायचा आहे, पण ते बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

त्या मुलाचे काय करावे? शिक्षा देणे सोपे होते. मुलीची आणि तिच्या घरच्यांची माफी त्याने स्वतः जाऊन मागितली. त्यानंतर मी त्याला 'द मेनॅजरी' दिला आणि म्हटले, "तुला कापायची हौस आहे ना? मग नीट कापायला शीक." त्याला न्यायालयाचे प्रसंग कंटाळवाणे वाटले. त्याने ते सगळे काढले. नंतर शेवट पाहिला तर त्याचा मेळच बसेना. पाईक यानाकडे परत निघाला आणि दुसऱ्याच क्षणी व्हिनाचा हात धरून चालू लागला! तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, हे दृश्य खोटे बोलू लागले." मी म्हटले, "दृश्य खोटे बोलत नाही, बाळा. त्याच्या शेजारचे वाक्य तू काढलेस." तो खाली मान घालून उभा राहिला. मला अधिक काही सांगावे लागले नाही.

पालकहो, ही शिकवण आपणांस नवी नाही. नशेत असताना नमाजला उभे राहू नये, या आज्ञेतून 'नशेत असताना' एवढे गाळले तर काय अनर्थ होईल, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इमाम बुखारी (810–870) आणि त्यांच्यासारख्या विद्वानांनी हदीस जमविताना प्रत्येक वचनासोबत सनद ठेवली. म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी. एखाद्या कथन करणाऱ्याचे स्वतःचे शब्द मूळ वचनात मिसळले असतील, तर ते ओळखून वेगळे दाखविले आणि त्या प्रकाराला 'मुदरज' असे नावही दिले. मालिका आणि हदीस यांची बरोबरी मी करीत नाही, अल्लाह माफ करो. पण ज्या समाजाच्या पूर्वजांनी शब्दाची एवढी निगा राखली, त्या समाजाच्या मुलाने कोणाचे वाक्य अर्धे तोडून पुढे धाडावे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती, की मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसा आणि त्याने काय कापले, काय जोडले ते विचारा. विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे, की कात्री जरूर हाती घ्या. ती विद्या आहे, पुढे कोणाचा चरितार्थही त्यावर चालेल. पण कापलेल्या तुकड्यांची यादी जवळ ठेवा. आणि कोणाचे बोलणे तुमच्या हाती तुकड्यात आले, तर ते पुढे पाठविण्यापूर्वी त्या आईचा प्रश्न आठवा: पूर्ण भाषण आहे का?