साखरेला गाव नसते, वाइनला असते

सुरतजवळच्या चलथाणच्या साखर कारखान्यात गावोगावचा ऊस येतो. पण पोत्यातली साखर कोणत्या शिवारातली, हे कोणी सांगू शकत नाही आणि कोणी विचारतही नाही. चलथाणचे सुक्रोज आणि अकलूजचे सुक्रोज सारखेच. उत्तम रेड वाइनचे याच्या उलट आहे. ती कुठली, यावरच तिचा भाव ठरतो. हे ‘कुठलेपण’ माती एकटी देत नाही. पीक कोणत्या ऋतूत पिकते आणि त्या प्रदेशातली माणसे स्वतःवर कोणते नियम घालून घेतात, यांतून ते घडते, असे माझे प्रतिपादन आहे. ते तपासायला इटलीतले टस्कनी आणि सोलापूर जिल्ह्यातले अकलूज ही जोडी सोयीची आहे, कारण दोन्हीकडे सांजोवेजे हे द्राक्षाचे वाण लावले जाते.

टस्कनीत हे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस थंडावत असताना पिकते. म्हणून वाइनमध्ये आंबटपणा आणि तुरटपणा ठसठशीत राहतो, रंग मात्र फार गडद नसतो. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्यांवरच्या कियांती वाइनच्या हद्दी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने 1716 मध्ये फर्मान काढून आखल्या. 1872 मध्ये तिथले जमीनदार बेत्तिनो रिकासोली यांनी कियांतीतल्या द्राक्षांच्या मिश्रणाची रीत लिहून ठेवली. पुढे 1967 च्या नियमांनी तिच्यात पांढरी द्राक्षे सक्तीची केली आणि वाइन पातळ होऊ लागली. 1970 च्या दशकात अँटिनोरी घराण्याने तिन्यानेल्लो ही वाइन नियमांबाहेर काढली, तिला मान मिळाला, आणि अखेर 2006 पासून याच टेकड्यांवरच्या ‘कियांती क्लासिको’ वाइनमध्ये पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली. दक्षिणेला मोंताल्चिनोत मात्र ब्रुनेल्लो निव्वळ सांजोवेजेची करतात आणि पाचव्या वर्षी बाजारात आणतात. वाण एक, पण नियम वेगळे म्हणून वाइनही वेगळी.

अकलूजला वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. बागायतदार एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी करतो, आणि द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना उतरवतो. उन्हाने साखर लवकर भरते आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो. त्यामुळे इथल्या वाइनचा कल मऊ, भरल्या चवीकडे असतो, आणि काढणीचा दिवस ठरवणे ही सगळ्यांत अवघड गोष्ट होते. इथल्या फ्रातेल्ली कंपनीच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सांजोवेजेला काबेर्ने सोव्हिन्यॉची जोड दिली आहे.

यावर कोणी म्हणेल, या कंपनीत इटलीचे सेच्ची बंधू भागीदार, वाइन घडवणारे पिएरो मासी टस्कनीचे. मग अकलूजचे त्यात काय? जाणकारी बाहेरून आणता येते, मार्चचे ऊन टाळता येत नाही. मासींनाही छाटणीचे वेळापत्रक इथलेच घ्यावे लागले. दुसरा आक्षेप असा, की प्रदेशाचे नाव म्हणजे निव्वळ जाहिरात. नियमांविना ते तसेच ठरेल. पण पांढऱ्या द्राक्षांची सक्ती बंदीत बदलायला टस्कनीला चार दशके लागली, इतके तिथल्या लोकांच्या लेखी ते नाव महत्त्वाचे होते. तिसरा आक्षेप जवळचा: 1960 पासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत ही चर्चा कशाला? दारूबंदी हा दारू बनवण्या-विकण्या-पिण्याविषयीचा कायदा आहे, माझा मुद्दा शेतमालाच्या किमतीचा आहे. सुरतच्या जरीला आणि गीरच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच तत्त्वावर.

नाशिक व्हॅली वाइनलाही असे मानांकन आहे. पण नावाची खरी किंमत पुढेच मोजावी लागते. कियांती क्लासिकोत हेक्टरी साडेसात टनांपेक्षा जास्त द्राक्षे घेता येत नाहीत. उसाचा भाव टनावर घेण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला वजन कमी करून नाव कमवायला सांगणे सोपे नाही. ते वजन सोडण्याचा मोबदला वाइन बनवणाऱ्या कंपनीने लेखी करारात दिला, तरच अकलूजच्या वाइनला गाव मिळेल.