सैनिकी संदेशवहनाकडून नागरी तंत्रक्षेत्राकडे



सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागला, तो पहिल्या महायुद्धापासून चालत आलेल्या तेथील सैनिकी परंपरेमुळे. अशी गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत. ऐन पस्तिशी-चाळिशीत सेवा पुरी करून परतणारा जवान हे तेथील नेहमीचे दृश्य. गाव त्याचे कौतुक करते, झेंडावंदनाला त्याला पुढे उभे करते. आणि काही महिन्यांनी तो पुण्याच्या किंवा नवी मुंबईच्या एखाद्या इमारतीच्या दारावर रखवालदार म्हणून रुजू होतो. रखवालीचे काम हलके आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या इमारतीच्या दारावर तो उभा आहे, तिच्या आत ज्या प्रकारच्या यंत्रांवर सारा कारभार चालतो, तशाच प्रकारची यंत्रे त्याने पंधरा-वीस वर्षे सांभाळलेली असतील, तर हा प्रश्न एका कुटुंबाच्या मिळकतीपुरता राहत नाही. शासनाने खर्च करून घडविलेले कसब वाया जात आहे, असा त्याचा अर्थ होतो.

भारतीय सैन्याच्या संदेशवहन दलाची, म्हणजे सिग्नल्स कोअरची, स्थापना १५ फेब्रुवारी १९११ रोजी झाली. 'तीव्र चौकस' हे त्याचे बोधवाक्य. झेंडे आणि आरसे यांच्या खुणांपासून सुरू झालेले हे काम तारायंत्र, बिनतारी संच, सूक्ष्मलहरी, उपग्रह आणि आता काचतंतूचे जाळे इथपर्यंत येऊन पोहोचले आहे. जबलपूर आणि गोवा येथील प्रशिक्षण केंद्रांत जवान तयार होतात. त्यापुढील तांत्रिक शिक्षण महू येथील सैनिकी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळते. महू म्हटले की महाराष्ट्राला डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान आठवते. ते तेथे जन्मले ते वडील रामजी सुभेदार सैन्यात होते म्हणून, हेही सोबत आठवावे.

युद्धातील संदेशवहनाचे कसब नागरी जीवनात उतरल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम करणाऱ्या आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका तांत्रिक मासिकात, विषुववृत्तावर ठरावीक उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांकरवी जगभर संदेश पाठविण्याची कल्पना मांडली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रह भू-केंद्र सुरू झाले, ते याच प्रकारच्या उपग्रहांशी बोलण्यासाठी.

मग आपल्या जवानाची वाट अडते कोठे? बहुधा शब्दांपाशी. त्याच्या सेवापुस्तकात 'लाइनमन' असे लिहिलेले असते. गावात लाइनमन म्हणजे वीज मंडळाच्या खांबावर चढणारा माणूस. 'ऑपरेटर' म्हटले की टेलिफोनच्या फळीवर बसणारा. 'फोरमन ऑफ सिग्नल्स' हे वाचून कारखान्यातील मुकादम डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः एखाद्या तुकडीची सारी संदेशवहन सामग्री निवडणे, मांडणे व दुरुस्त ठेवणे यांची जबाबदारी पेलणारा, महू येथे दीर्घ शिक्षण घेतलेला तो तंत्रज्ञ असतो. नेमणूक करणाऱ्या खाजगी कंपनीतील अधिकाऱ्याला या शब्दांचा उलगडा होत नाही, आणि जवानाला तो करून सांगता येत नाही. केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाने सैनिकी व्यवसाय आणि नागरी व्यवसाय यांचे समकक्षत्व ठरविलेले आहे. २०१३ साली आलेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यामुळे त्याला नवी चौकटही मिळाली. तथापि कागदावरील समकक्षत्व मुलाखतीच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. सैनिकी जाळ्याची रचना, ठिकाणे, यंत्रांचे प्रकार, संकेतलिपी हे सारे गोपनीय असते, आणि १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम निवृत्तीनंतरही लागू राहतो. त्यामुळे प्रामाणिक जवान मुलाखतीत काहीच बोलत नाही आणि समोरच्याला वाटते, याला काही येत नाही. येथे थोडे मार्गदर्शन पुरेसे असते. कोणत्या ठाण्याला कोणते यंत्र होते हे सांगण्याची गरजच नाही. 'चोवीस तास चालणाऱ्या केंद्रात पाळीचा प्रमुख होतो, हाताखाली इतकी माणसे होती, बिघाड शोधणे व नोंदवही ठेवणे ही कामे केली, काचतंतू जोडले, नवशिक्यांना शिकविले' एवढे सांगण्यात कोणतेही गुपित फुटत नाही, आणि काम देणाऱ्याला हवे असते ते नेमके एवढेच. असे परिचयपत्र तयार करण्यास गावातील हायस्कूलच्या शिक्षकाने एक संध्याकाळ दिली, तरी पुष्कळ होईल.

जवानाच्या बाजूनेही काही उणिवा आहेत. त्या झाकण्यात अर्थ नाही. सैन्यातील यंत्रे दीर्घकाळ वापरात राहतात, बाजारातील लवकर पालटतात. नागरी कंपन्या जाळ्याच्या व्यवस्थापनासाठी ठरावीक परीक्षांची प्रमाणपत्रे मागतात. सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा त्यांपैकी सर्वांत परिचित. संगणकावरील लिनक्स प्रणालीचे ज्ञानही आता गृहीत धरले जाते. ज्याने शेकडो रंगरूटांना शिकविले, त्या सुभेदाराला विशी-बाविशीतल्या मुलांसोबत बाकावर बसून परीक्षा देणे जड जाते. शिवाय सैन्यात संदेश पोहोचणे हेच सर्वस्व असते, त्याला किती पैसे लागले हा प्रश्न चौकीवरच्या जवानापुढे सहसा येत नाही. कंपनीत ग्राहक, करार आणि खर्च यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून समोर येतो. सेवेच्या अखेरच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाकडून जे प्रशिक्षण मिळते, ते जवानांना व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांना विनाशुल्क असते. ते निवडताना घराजवळचे किंवा सोपे पाहून निवडण्याची चूक अनेकांकडून होते. खरे तर त्यानेच पुढची वीस वर्षे ठरत असतात.

एका गोष्टीत मात्र हा जवान नागरी क्षेत्रालाच चार गोष्टी शिकवू शकतो. सैन्यात महत्त्वाच्या संदेशाला एकच वाट कधी ठेवीत नाहीत. तार तुटली तर बिनतारी, ती बंद पडली तर तिसरी व्यवस्था. नागरी कामांत 'दोन मार्ग' असे कागदावर लिहिलेले असते आणि दोन्ही तारा एकाच चरातून गेलेल्या असतात; खोदणाऱ्या यंत्राचा एक फटका बसला की दोन्ही मार्ग एकदम गेले. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वलयाकार रचनेवर भर आहे तो याचसाठी. वलय एका ठिकाणी तुटले तरी उलट्या दिशेने संदेश जातो.

भारतनेटचा उल्लेख आला, तो पंचायत सदस्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याच्या योजनेला २०११ साली मान्यता मिळाली. महाराष्ट्रात राज्याने 'महानेट' या नावाने तिचा मोठा भाग हाती घेतला. तार गावापर्यंत आणणे हे अर्धेच काम होय. ती सुमारे १६५ सेंटिमीटर खोल पुरावी असा दंडक असला, तरी रस्तारुंदीकरण आणि नळपाणी योजनेची खोदाई यांपुढे तिचा टिकाव लागत नाही. जोड तुटला की दाखले, सातबारा, शाळेचा संगणक सारेच खोळंबते. आतला काचतंतू १२५ मायक्रॉन जाडीचा, आणि त्यातून प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. तो काटकोनात कापावा, पुसून स्वच्छ करावा, दोन्ही टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावीत. धूळ किंवा दमट हवा यांचा स्पर्शही जोड बिघडवतो. तार नेमकी किती मीटरवर तुटली, हे ओटीडीआर नावाचे उपकरण प्रकाशाची लहर सोडून व तिचे परावर्तन मोजून सांगते. हे काम डोंगरात, पावसात आणि थंडीत केलेला माणूस त्याच तालुक्यात घरी बसलेला असताना दुरुस्तीसाठी शहरातून पथक येण्याची आठवडाभर वाट पाहावी, हे काही पटणारे नव्हे.

शहरी संधीही थोड्या नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभी राहिलेली माहिती-साठा केंद्रे दिवसरात्र चालतात. पाळी, नोंदवही आणि आणीबाणीतील शांतपणा या गोष्टी तेथे सोन्याच्या मोलाच्या. उच्चदाब वीजवाहिन्यांच्या संदेशवहनाला, पोलिसांच्या बिनतारी विभागाला आणि रेल्वेच्या दूरसंचार शाखेलाही असेच हात लागतात. संगणक-सुरक्षेचे क्षेत्र सर्वांत नवे. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणकीय हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत द्यावी लागते. घड्याळ पाहून अहवाल देण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्याला हा नियम जाचक वाटणार नाही.

सरकारी नोकरीच्या नियमांत सवलती आहेत, परंतु त्या माहीत नसल्याने दवडल्या जातात. केंद्र शासनाच्या गट 'क' च्या पदांत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. वय मोजताना सैनिकी सेवेचा काळ वजा करून वर तीन वर्षांची सूट मिळते. दहावी उत्तीर्ण होऊन १५ वर्षे सेवा केलेला जवान, पदवी आवश्यक असलेल्या परंतु तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या गट 'क' च्या पदांना पात्र धरला जातो. यातील 'तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या' हे शब्द नीट वाचावेत. तांत्रिक पदासाठी ही समकक्षता चालत नाही. तेथे पदविका किंवा पदवीच लागते. म्हणून सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुरा करणारे जवान अधिक शहाणे.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या विषयाला वेगळीच निकड आणली आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होणार. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना, पंचविशीच्या आतबाहेर परतणार. पंधरा वर्षांच्या जवानापाशी अनुभवाची जी शिदोरी असते, ती त्यांच्यापाशी नसेल. वय मात्र शिकण्याचे असेल. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने त्यांच्यासाठी आखलेल्या पदवीत निम्मे गुण सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात. उरलेला निम्मा अभ्यास सेवेच्या धामधुमीत मागे पडू नये, याकडे घरच्यांनी आणि जुन्या गुरुजनांनी पत्रातून, फोनवरून लक्ष ठेवावयास हवे.

निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी होते, तेव्हा बहुतेक जण 'शिक्षण : दहावी' एवढेच लिहून अर्ज पुढे सरकवितात. त्या अर्जासोबत सैनिकी व्यवसायाच्या समकक्षतेचे प्रमाणपत्र, केलेल्या अभ्यासक्रमांची यादी आणि एका पानात प्रत्यक्ष कामाचे वर्णन जोडावे. कोठून मागणी आली, की कार्यालय नाव सुचविते ते त्याच नोंदीवरून.