शालेय ग्रंथालय : कपाटापासून वाचकापर्यंत



शाळा पाहावयास आलेल्या पाहुण्यांना प्रयोगशाळा, संगणक कक्ष आणि क्रीडांगण आवर्जून दाखविले जाते. ग्रंथालयही दाखविले जाते. परंतु पुष्कळदा दारातूनच. काचेच्या कपाटांत पुस्तके ओळीने उभी असतात, कपाटांना कुलपे असतात आणि किल्ल्या कार्यालयात असतात. एकूण ग्रंथसंख्या वार्षिक अहवालात अचूक छापलेली असते. त्यांपैकी किती पुस्तके गेल्या वर्षभरात विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन आली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयाची खरी परीक्षा या दुसऱ्या आकड्यातच आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील पहिले सूत्र ग्रंथ हे वापरासाठी असतात, एवढेच सांगते. हे सांगावे लागले, कारण ग्रंथ सांभाळून ठेवणे हेच दीर्घकाळ ग्रंथालयाचे मुख्य काम मानले गेले होते. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ फळ्यांना साखळ्यांनी बांधून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असे ग्रंथालय आजही जतन केलेले आहे. त्या काळी एकेक ग्रंथ हाताने लिहिला जाई, म्हणून त्या साखळ्यांना अर्थ होता. आज छापील पुस्तकाची दुसरी प्रत सहज मिळते. तरीही अनेक शाळांत साखळीची जागा कुलपाने घेतलेली दिसते.

विद्यार्थ्याला ग्रंथालय काय देते? पाठ्यपुस्तक वर्गातील सर्वांसाठी एकच असते. ग्रंथालयातील पुस्तक मात्र विद्यार्थी स्वतः निवडतो. निवडीचा हा अधिकार शालेय जीवनात त्याला अन्यत्र फारसा मिळत नाही. अंगणात आलेल्या अनोळखी पक्ष्याचे नाव शोधण्यासाठी एखादी विद्यार्थिनी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ पाहावयास येते. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार मांडणी असेल, तर पक्ष्यांची पुस्तके ५९८ या क्रमांकाखाली तिला एकत्र सापडतात. जवळच इतर प्राण्यांची आणि ५८० पासून वनस्पतींची पुस्तके असतात. पक्षी शोधता शोधता एखादे वेळी झाडच हाती लागते आणि नवी आवड जन्माला येते. असे अनपेक्षित लाभ यादीवर खूण करून पुस्तक मागविताना सहसा होत नाहीत. त्यासाठी फडताळापाशी स्वतः उभे राहावे लागते.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला ‘मराठी विश्वकोश’, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ हे बहुखंडी ग्रंथ सामान्य कुटुंबाने विकत घेऊन घरी ठेवणे कठीण. शाळेने घेतलेला एकच संच पिढ्यान्‌पिढ्या शेकडो मुलांच्या उपयोगी पडतो. त्यांच्या जोडीला १९७१ पासून बालभारती प्रसिद्ध करीत असलेल्या ‘किशोर’सारखे मासिक आणि रोजचे वृत्तपत्र असले, म्हणजे जुने ज्ञान आणि नवी वार्ता एकाच मेजावर येतात.

ज्या घरात ग्रंथसंग्रह आहे, त्या घरातील मुलाचे शाळेच्या ग्रंथालयावाचून फारसे अडत नाही. ज्या घरात क्रमिक पुस्तके आणि भिंतीवरची दिनदर्शिका यांपलीकडे छापील अक्षर नाही, तेथील मुलाला मात्र शाळेचे ग्रंथालय हेच पहिले आणि कदाचित एकमेव ग्रंथालय असते. शाळा सुटल्यावर घरकामात गुंतणाऱ्या मुलीला गावातील वाचनालयात जाण्यास सवड मिळेलच असे नाही. दप्तरातून घरी नेलेले पुस्तक मात्र ती रात्री वाचू शकते. दहावीनंतर शिक्षण थांबले, तर ही संधीही थांबते. कुलपाची झळ सर्वांत अधिक कोणाला बसते, हे यावरून ध्यानात यावे.

शिक्षकांनाही ग्रंथालय तितकेच आवश्यक आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने ग्रंथालयास शाळेच्या बौद्धिक जीवनात केंद्रस्थान दिले होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारख्या ग्रंथातील उतारा शिकविताना मूळ ग्रंथ हाती असेल, तर शिक्षक त्या उताऱ्याच्या मागची-पुढची पाने वर्गात वाचून दाखवू शकतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच ग्रंथ मागणारे दोन-चार विद्यार्थी निश्चितपणे पुढे येतात. भूगोलाच्या शिक्षकाला नकाशासंग्रह, विज्ञानाच्या शिक्षकाला प्रयोगांची पुस्तके, इतिहासाच्या शिक्षकाला साधनग्रंथ येथेच मिळतात. स्वतः वाचणारा शिक्षक हीच विद्यार्थ्यांसाठी वाचनाची सर्वांत प्रभावी शिफारस होय.

मग अडते कोठे? पहिली अडचण वेळापत्रकाची. ग्रंथालयाची तासिका कागदावर असते. अभ्यासक्रम मागे पडला की तीच प्रथम दुसऱ्या विषयाला दिली जाते. दुसरी अडचण भीतीची. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करावयाची? ही जबाबदारी आपल्यावर येईल, या धास्तीने ग्रंथालय सांभाळणारी व्यक्ती कुलूप उघडण्यास कचरते. येथे केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमावलीतील तरतूद मार्गदर्शक आहे. वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पुस्तके हरवणे, त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसल्यास, २०१७ च्या त्या नियमावलीने स्वाभाविक मानले आहे. दुर्मिळ व १,००० रुपयांहून अधिक किमतीच्या ग्रंथांची चौकशी मात्र आवश्यक ठरविली आहे. संस्थेनेही असा ठराव केला, तर निम्मी कुलपे आपोआप उघडतील.

पुस्तके वाचकांपर्यंत नेण्याची परंपरा नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभीच पुस्तकांच्या पेट्या गावोगावी पाठविल्या जात. तोच प्रयोग शाळेत लहान प्रमाणावर करता येतो. प्रत्येक वर्गाला ४० पुस्तकांची पेटी द्यावी, नोंदवही विद्यार्थ्यांनीच सांभाळावी आणि दर महिन्यास पेट्यांची अदलाबदल करावी. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, विश्वास लागतो.

आज विश्वकोश आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे ग्रंथालयाचे काम कमी न होता वाढले आहे. समोर आलेली माहिती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, दुसरा आधार तिला दुजोरा देतो काय, हे पडताळण्याची सवय ग्रंथपालाच्या मार्गदर्शनाखाली येथेच लागू शकते.

रंगनाथन यांचे अखेरचे सूत्र ग्रंथालयाला वाढती संस्था मानते. देणगीतून कपाट येते, त्यावर दात्याचे नावही झळकते. पण दरवर्षी नवी पुस्तके घेण्यासाठी आणि जाणत्या ग्रंथपालाच्या मानधनासाठी कायमनिधी उभारणे हे अधिक टिकाऊ दान ठरेल. अशा दानाचे फळ पाहावयाचे असेल, तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटविलेला तारखांचा कागद पाहावा. तो कोरा असेल, तर पुस्तक अद्याप कपाटातच आहे. तारखांनी भरला असेल, तर ते वाचकापर्यंत पोहोचले आहे. असे भरलेले कागद वर्षागणिक वाढोत, हीच सदिच्छा.