स्वस्त टायर, घाटाचा रस्ता आणि शर्यतीचा ट्रॅक



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून या महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या संध्याकाळी धर्म, राजकारण, इतिहास आणि वाङ्मय या विषयांचा व्यासपीठावरून पुष्कळ खल झाला आहे. त्या पंक्तीत मोटारसायकलीच्या टायरला पाट मांडून बसविणे कित्येकांना जरा विचित्र वाटेल. परंतु या सभेला आलेल्यांपैकी किती जण दोन चाकांवरून आले आणि किती जण दोन चाकांवरून घरी परतणार, याचा मनाशी हिशेब केला तर हा विषय परका वाटणार नाही. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत दूध डेअरीला जाते ते मोटारसायकलीवर, मूल शाळेत जाते ते मोटारसायकलीवर, आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव काय निघाला हे पाहायला शेतकरी जातो तोही मोटारसायकलीवरच. या सर्वांचा भार ज्या रबरावर आहे, त्याची थोडी चौकशी केलेली बरी.

प्रश्न साधा आहे. कमी किमतीचा टायर रस्त्यावर आणि शर्यतीच्या ट्रॅकवर नीट काम देतो काय? दुकानाच्या पायरीवर याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक म्हणतो, स्वस्त ते मस्त. दुसरा म्हणतो, स्वस्त घेणाऱ्याला दोनदा घ्यावे लागते. आमच्या मते हे दोघेही किमतीकडे पाहतात. टायरकडे दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. लोहार ती धाव तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओतून आवळी. चाक झिजू द्यायचे नाही, एवढेच धावेचे काम. ओढायचे बैलाने आणि थांबवायचेही बैलानेच. मोटारसायकल आली आणि ही सगळी कामे टायरच्या अंगावर पडली. ओढणे, थांबविणे, वळविणे, हादरे सोसणे आणि भार वाहणे, अशी पाच कामे तो एकटा करतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ साली घेतले, पण त्या काळी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १८८८ साली जॉन डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला आणि तेथून तो जगभर पसरला.

आता एक गणित करू. मोटारसायकल आणि तिच्यावरची दोन माणसे मिळून २५० किलो वजन झाले असे धरा. टायरमध्ये हवा अठ्ठावीस पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. भागाकार केला तर दोन्ही टायर मिळून रस्त्याला सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर टेकतात. दोन चाकांच्या वाट्याला आलेली ही जागा आपल्या एका तळहाताएवढी आहे. सगळा संसार त्या तळहातावर चालला आहे.

आता स्वस्त म्हणजे काय, ते पाहू. बाजारात स्वस्ताई तीन प्रकारची आहे. पहिला प्रकार नामांकित कारखान्याच्या साध्या टायरचा. हा नायलॉनच्या धाग्यांचा, जाड, कडक रबराचा आणि १०० ते १२५ सीसीच्या गाडीसाठी केलेला असतो. दुसरा फारसे नाव नसलेल्या कारखान्याचा, पण आयएसआयची खूण असलेला टायर. आपल्या देशात २००९ च्या आदेशाने ही खूण टायरांना सक्तीची झाली आहे. तिसरा प्रकार म्हणजे खूण नसलेला, वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला, किंवा गोटा झालेल्या जुन्या टायरला पुन्हा खाचा पाडून विकलेला माल. पहिल्या दोन प्रकारांना स्वस्त म्हणावे. तिसरा स्वस्त नव्हेच, त्याची किंमत फक्त नंतर द्यावी लागते.

कारखानदाराला रबराच्या मिश्रणात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: पकड, आयुष्य आणि किंमत. रबर मऊ केले तर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कडक केले तर पुष्कळ किलोमीटर चालते, पण पावसात पकड कमी पडते. काजळीबरोबर सिलिका वापरली तर ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते, पण खर्च वाढतो. साध्या टायरमध्ये कारखानदाराने आयुष्य आणि किंमत राखलेली असते, आणि थोडीशी पकड सोडलेली असते. ही फसवणूक नव्हे. ज्याला रोज डेअरीला जायचे आहे, त्याला हा सौदा बहुधा सोयीचाच असतो. मात्र सौद्यात आपण काय दिले, ते ठाऊक असले पाहिजे.

जे दिले त्याचे माप असे. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेल्या दोन गाड्या घ्या. एकीच्या टायरची पकड, पदार्थविज्ञानाच्या भाषेत घर्षणांक, ०.८ आहे असे समजा. दुसरीचे टायर झिजलेले, रस्ता ओला, म्हणून पकड ०.५. दोघांनी एकाच जागी पुरता ब्रेक लावला, तर पहिली गाडी सुमारे १८ मीटरांत थांबते, दुसरीला २८ मीटर लागतात. दहा मीटरांचाच फरक, असे कोणी म्हणेल. परंतु पहिली गाडी जेथे उभी राहते, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. रात्रीच्या वेळी उसाच्या फडातून बिबट्या किंवा कुत्रे आडवे आले, म्हणजे या दहा मीटरांचा अर्थ कळतो.

याच गणिताची दुसरी बाजू आम्हांला अधिक मोलाची वाटते. कमी पकडीच्या त्या गाडीचा वेग ६० ऐवजी ४७ ठेवला, तर तीही त्याच १८ मीटरांत थांबते. म्हणजे ताशी १३ किलोमीटर वेग कमी केला की महागडा टायर फुकट मिळतो! घाटातल्या वळणाचेही तसेच. वळणाची त्रिज्या २० मीटर असेल, तर ताशी ३० च्या वेगाला ०.३५ एवढी पकड पुरते. ताशी ४० ला ०.६३ लागते. वेग दहानेच वाढला, पण मागणी जवळजवळ दुप्पट झाली. श्रावणात माळशेजच्या धुक्यात किंवा डिंभ्यापुढे भीमाशंकरच्या वाटेवर रस्ता ओला असताना ही दुसरी मागणी साधा टायर पुरी करील, असा भरवसा धरू नये. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलावर तर महागड्या टायरचीही तीच गत होते.

रस्त्याचे झाले. आता शर्यतीकडे वळू. आपल्याकडे 'घाट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक डोंगर उतरण्याची वाट, आणि दुसरा बैलगाडा शर्यतीचा घाट. सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना २०१४ मध्ये बंदी केली होती आणि २०२३ च्या मे महिन्यात कायद्याच्या अटींसह त्या मान्य केल्या, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. शर्यतीचा बैल काही सेकंद वाऱ्यासारखा पळतो. त्याचा खुराक वेगळा, निगा वेगळी. त्याला कोणी दिवसभर नांगराला जुंपत नाही. आणि नांगराचा बैल घाटात उतरवून तो हरला म्हणून त्याला नालायकही कोणी ठरवत नाही. टायरचा न्याय याहून वेगळा नाही.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या आहेत. शेवटच्या ठिकाणी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी ही जागतिक शर्यतही झाली. अशा शर्यतीचा टायर सुरू होण्यापूर्वीच विजेच्या गरम पांघरुणात गुंडाळून तापवतात, कारण थंड असताना त्याला पकड नसते. कोरड्या ट्रॅकच्या टायरला खाचाही नसतात. पाऊस आला की तो उतरवून दुसरा चढवतात. असा टायर मंचरच्या बाजारात भाजी आणायला लावला, तर तो तापायच्या आत बाजार येईल, आणि पावसाची पहिली सर त्याला आडवा करील. उलट आपला साधा टायर मोठ्या गाडीला लावून ट्रॅकवर नेला, तर दर वळणाला ब्रेक आणि दर वळणाला झुकणे यांनी तो काही फेऱ्यांतच नको तितका तापतो, रबर बुळबुळीत होते आणि कडा फाटू लागतात. लहान गाडीवर, कमी वेगात, शिकण्यापुरता तो चालेल. चुरशीच्या शर्यतीला तो चालणार नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. २०२२ मध्ये एमआरएफ या भारतीय कंपनीच्या संघाने युरोपातील मोटारींच्या रॅलीचे अजिंक्यपद मिळविले. आपल्या देशाला भूषणावह अशीच ही गोष्ट आहे. परंतु रॅली जिंकणारा टायर आणि गावच्या दुकानातला टायर यांचे आडनाव एक असले, तरी दोघे एका तव्यावरच्या भाकरी नव्हेत. जिंकलेल्या चषकाकडे पाहून टायर घेऊ नये आणि कोणत्याही कंपनीचा स्वस्त टायर म्हणून तो वाईट, असेही समजू नये.

मग पाहावे कशाकडे? टायरच्या अंगावर सगळे लिहिलेले असते. मागच्या टायरवर ५४ पी असे असेल, तर ५४ हा भाराचा आकडा २१२ किलोचा आहे, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरची मर्यादा. वेगाची मर्यादा आपल्या लहान गाड्या सहसा गाठत नाहीत. भाराची मात्र गाठतात. चाळीस लिटरच्या दोन भरलेल्या किटल्या साधारण ९० किलोच्या. त्यात गाडीचा अर्धा भार आणि चालवणाराचा वाटा धरला, तर मागच्या चाकावर १९० किलोच्या आसपास येतात. इतके चालेल. परतताना किटल्या रिकाम्या असतील, तर पशुखाद्याचे ५० किलोचे पोतेही चालेल. पण भरलेल्या किटल्यांवर पोते टाकले की मर्यादा ओलांडली. त्यात हवा कमी असेल, तर टायर आतून तापतो, आणि त्याचा दोष आपण कंपनीला देतो.

टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. रबर उन्हात आणि हवेत नुसते पडूनही कडक होते, म्हणून नवा टायर घेताना हे आकडे आधी वाचावेत. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे टायरचे आयुष्य संपले. कांद्याचा भाव पडलेल्या साली घरोघर एकच वाक्य ऐकू येते, 'एवढा पावसाळा काढू, मग बदलू.' खरे म्हणजे उन्हाळा काढता येतो; काढता येत नाही तो पावसाळाच. एकच टायर बदलण्याइतके पैसे असतील आणि दोन्ही सारखेच झिजले असतील, तर आधी पुढचा बदलावा. ब्रेक लावताना भार पुढे येतो आणि पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही.

सरकारकडेही आमचे एक मागणे आहे. आयएसआयची खूण आकारमान, भार आणि वेग यांची परीक्षा सांगते. ओल्या रस्त्यावर कोणता टायर किती लवकर थांबतो, हे ती ग्राहकाला सांगत नाही. युरोपात २०१२ पासून मोटारींच्या टायरांवर ओल्या रस्त्यावरील पकडीची प्रत छापलेली चिठ्ठी असते. मोटारसायकलींच्या टायरांना ती तेथेही नाही. ज्या देशात गरिबाचे कुटुंब दोन चाकांवर बसते, त्या देशाने ही चिठ्ठी आधी दोन चाकांना लावावी. दुकानात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला ती वाचता आली, तर कोणती शंभराची नोट वाचवावी आणि कोणती वाचवू नये, हे त्याचे त्याला ठरवता येईल.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे. खूण असलेला, वेळेवर घेतलेला, हवा भरलेला आणि त्याच्या बेताने चालवलेला स्वस्त टायर आपल्या रस्त्यावर इमानाने काम देतो. ट्रॅकवर तो देत नाही, आणि त्याने द्यावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. स्वस्त टायर चालतो. संपलेला टायर चालत नाही. मृगाला अजून अवकाश आहे. सभा संपल्यावर आपापली गाडी काढण्यापूर्वी प्रत्येकाने खाली वाकून दोन्ही टायरांच्या खाचांत एकदा बोट घालून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.