एकदाच मिळणारं बळ

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि चहा तयार आहे, तेव्हा प्रस्तावना नको. दिवाळीच्या कार्यक्रमात इकडे मुख्य हॉलमध्ये नाट्यगीतं रंगतात आणि मागच्या खोलीत पंधरा-वीस मुलं निन्टेन्डो स्विच घेऊन पोकेमॉनच्या लढती लावतात. यंदा सूचना आली आहे की हे बंद करावं. सूचना मांडणाऱ्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत सांगते. "लखकन उजेड पडतो, राक्षस मोठा होतो, आणि ज्याचा मोठा तो जिंकतो. यात डोकं कुठे आहे?" चहानंतर यावर मतदान आहे. मुलांच्या डोळ्यांचं काय, पाठीचं काय, अभ्यासाचं काय, यावर इथले डॉक्टर आणि शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मला फक्त त्या "राक्षस मोठा होतो" एवढ्यावरच बोलायचंय. कारण डोकं नेमकं तिथेच आहे.

आधी खेळ थोडक्यात. पहिला पोकेमॉन गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६मध्ये गेम बॉयवर आला. तो बनवणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवायचा नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. प्राणी पकडायचे, वाढवायचे, सहांचा संघ बांधायचा आणि आळीपाळीने चाली करत लढायचं. प्रत्येक प्राण्याला चारच चाली. प्रत्येकाचा एक किंवा दोन प्रकार, म्हणजे आग, पाणी, गवत, वीज वगैरे. आज असे मूळ प्रकार अठरा आहेत. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. अठरा गुणिले अठराचा हा तक्ता आमच्या चिरंजीवांना तोंडपाठ आहे. तेराचा पाढा अजून अडखळतो, पण ते असो.

तात्पुरती ताकद या खेळात पहिल्यापासून आहे. 'तलवारींचा नाच' नावाची चाल केली की हल्ल्याचा जोर दुप्पट. मात्र तो प्राणी मैदानातून परत बोलावला की जोर गेला. टीव्हीवर १९९९मध्ये आलेल्या डिजिमॉन मालिकेत तर सगळी गंमतच ती होती. संकट आलं की छोटा साथीदार मोठा व्हायचा आणि लढाई संपली की पुन्हा लहान, दमलेला आणि भुकेला. पण 'अख्ख्या लढतीत फक्त एकदाच' अशी अट घातलेलं मोठं बळ पोकेमॉनमध्ये आलं ते २०१३ साली. ही अट आली आणि माझ्या मते खेळाची जातच बदलली.

माझ्या सासूबाई गेल्या वर्षी सांगलीहून आल्या होत्या. नातवाशेजारी सोफ्यावर बसून त्या हे बघायच्या. एकदा विचारलं, "अरे, तुझ्याकडे ते मोठं अस्त्र आहे ना? मग काढत का नाहीस?" तो म्हणाला, "आजी, एकदाच वापरता येतं. समोरच्याचा मेन प्लेयर अजून बाहेर आला नाहीये." त्यावर त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे कर्णाची शक्ती!"

बघा, आपल्याला हे किती ओळखीचं आहे. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळालेली ती शक्ती एकदाच वापरता येणार होती आणि कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. कृष्णाने काय केलं? रात्रीच्या युद्धात घटोत्कचाला पुढे सोडलं. त्याने एवढा कहर केला की कौरव कर्णाच्या मागे लागले, काढ, आत्ता काढ! शक्ती सुटली, घटोत्कच पडला आणि अर्जुन वाचला. मागच्या खोलीतली मुलं दिवसभर हेच करत असतात. समोरच्याचं एकमेव अस्त्र भलत्यावर खर्ची पाडायचं आणि आपलं शेवटपर्यंत झाकून ठेवायचं.

क्रिकेटवाल्यांसाठी दुसरं उदाहरण. एकदिवसीय सामन्यांत २००८पासून २०१५पर्यंत बॅटिंग पॉवरप्ले होता, आठवतो? पाच षटकं, कधी घ्यायची ते फलंदाजी करणाऱ्या संघाने ठरवायचं. बरेच कर्णधार तो पुढे ढकलत राहायचे. तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर बसून "आता घे की रे!" म्हणून ओरडत होतो. आपल्याला डोकं वापरतोय असंच वाटत होतं की नाही?

आता एकेक प्रकार बघू. २०१३च्या एक्स आणि वाय या गेम्समध्ये 'मेगा' रूप आलं. खेळाडूकडे एक मणी आणि प्राण्याकडे त्याच्या जातीचा दुसरा मणी असला की एका लढतीत एकाच प्राण्याला मेगा करता येतं. त्याचे गुण एकूण शंभरने वाढतात, पण जीव, म्हणजे हेल्थ, तेवढीच राहते. शिवाय किंमत आहेच. मणी धरला की दुसरी कुठलीही उपयोगी वस्तू त्याला धरता येत नाही. बीड्रिल नावाची गांधीलमाशी एरवी अगदी लिंबूटिंबू, एकूण गुण ३९५. तिला २०१४मध्ये मेगा रूप मिळालं, तिचा वेग ७५वरून १४५ झाला आणि लोक तिला संघात घ्यायला लागले. कांगासखानची गोष्ट इथल्या आयांना आवडेल. पोटाच्या पिशवीत बाळ असलेली ही आई मेगा झाली की बाळच मोठं होऊन बाहेर येतं आणि आईने एक मारली की पाठोपाठ तेही ठेवून देतं. आधी बाळाचा फटका आईच्या निम्मा होता. तो इतका भारी पडला की २०१६च्या गेम्समध्ये पाव केला.

मेगाबद्दल माझी तक्रारही आहे. जे आधीच दांडगे होते त्यांनाही ते दिलं. रेक्वाझाचे एकूण गुण ६८०, ते ७८० झाले, आणि त्याला तर मणीही लागत नाही! आपल्याकडे श्रीमंताच्या लग्नातच आहेर जास्त येतो, तसलं झालं ते. पण म्हणून 'मोठा तो जिंकतो' हे खरं ठरत नाही. २०१४च्या जागतिक स्पर्धेची वॉशिंग्टनमधली अंतिम लढत मुलांना जरूर विचारा. दोन-दोन प्राणी एकत्र लढतात असा तो प्रकार. कोरियाच्या से जुन पार्कने संघात मेगा होणारा ग्याराडोस घेतला होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची पाचिरिसू, पांढरी-निळी एवढीशी खार. तिला मेगा रूप नाहीच. शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि शेजारच्याला मोकळं सोडायचं, एवढंच तिचं काम. तो विश्वविजेता झाला.

मेगा एकदा झालं की लढत संपेपर्यंत किंवा तो प्राणी पडेपर्यंत टिकतं. म्हणून राखून ठेवण्यात फारसा अर्थ नसायचा. खरा निर्णय घरीच, संघ बांधताना व्हायचा, की मणी कोणाला द्यायचा. २०१६च्या सन आणि मून या हवाईसारख्या बेटांवरच्या गेम्समध्ये झेड चाली आल्या आणि हे उलटं झालं. झेड म्हणजे एकच प्रचंड तडाखा. नव्वद जोराची चाल एकदम १७५ची होते. त्याआधी खेळाडू पडद्यावर हातवारे करून नाच करतो, तो आमच्याकडे दिवाणखान्यातही होत असे. जातीचं बंधन बहुतेक नाही, योग्य स्फटिक धरला की झालं. नेहमीची संरक्षक ढालसुद्धा पुरत नाही, ढालीतूनही पाव मार बसतो. त्यामुळे सगळा खेळ 'कधी' या एका प्रश्नावर आला. स्फटिक कोणाच्या हातात आहे हेच समोरच्याला ठाऊक नसलं तर तो प्रत्येक चालीला दचकतो. कधीकधी न वापरलेल्या झेडनेच लढत जिंकता येते.

मग २०१९ची सोर्ड आणि शील्ड, म्हणजे आपल्याच घरची गोष्ट. त्यातला गॅलार प्रदेश ब्रिटनवरून घेतला आहे. फुटबॉलसारखी गर्दीची स्टेडियम्स, डोंगरावर खडूने काढल्यासारखी राक्षसाची आकृती, जी पाहिली की डॉर्सेटमधली सर्न अॅबसची आकृती आठवावी, आणि मुक्कामाला गेलं की शिजवायची चक्क करी! ब्रिटिश जेवण दाखवायचं तर करी, हे जपानी माणसालाही कळलं. इथे डायनामॅक्स आलं आणि सूचना मांडणारे म्हणतात तो मोठा होणारा राक्षस हाच. प्राणी स्टेडियमएवढा होतो, जीव दुप्पटीपर्यंत वाढतो, आणि हे कुठल्याही साध्या प्राण्याला जमतं. पण फक्त तीन चाली. चौथीला हवा गेली!

सासूबाईंना इथेही घटोत्कचच दिसला. पडता पडता त्याने देह अफाट वाढवला आणि कौरवांचं एक अक्षौहिणी सैन्य खाली चिरडलं. डायनामॅक्सचंही तसंच आहे. जाता जाता काय ठेवून जातो ते महत्त्वाचं. एका मॅक्स चालीने आपल्या बाजूचा वेग वाढतो, दुसरीने ऊन पडतं, तिसरीने पाऊस. मोठा प्राणी पुन्हा लहान झाला तरी ते मागे राहतं. आणि समोरचा काय करतो? तीन चाली कशा काढायच्या ते बघतो. ढाल घे, प्राणी बदल, एखादा बळी दे, वेळ मार. मी अशा लढती पाहिल्या आहेत की राक्षस तीन चाली हवेत हात मारून परत लहान झाला.

एकास एक लढतींत मात्र हे फार भारी पडलं. स्मोगन या चाहत्यांच्या नियममंडळाने डिसेंबर २०१९मध्येच आपल्या एकास एक खेळाच्या मुख्य वर्गात डायनामॅक्सवर बंदी घातली. दोनास दोन खेळल्या जाणाऱ्या अधिकृत स्पर्धांत ते चालू राहिलं, कारण तिथे दोघे मिळून एका राक्षसाला आवरू शकतात.

२०२२च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये टेरास्टल आलं, आणि ते मला सर्वांत हुशारीचं वाटतं. यात आकार वाढत नाही. प्राणी स्फटिकासारखा चमकतो, डोक्यावर झुंबरासारखा मुकुट येतो आणि त्याचा प्रकारच बदलतो. ड्रॅगोनाइट घ्या. तो ड्रॅगन आणि उडणारा, म्हणून बर्फाचा वार त्याला चौपट लागतो. समोरच्याने खुशीत बर्फाची चाल टाकावी आणि याने त्याच क्षणी पोलादाचा प्रकार घ्यावा. पोलादाला बर्फ निम्माच लागतो. चौपटीवरून निम्म्यावर, म्हणजे आठपट फरक, तोही एका निर्णयात. आता 'कधी' आहेच, शिवाय 'कोण' आणि 'काय होणार' हेही आलं. या गेम्सच्या मोठ्या अधिकृत स्पर्धांत दोघांना एकमेकांच्या संघाची यादी बघायला मिळायची, तीत टेरा प्रकारही लिहिलेला असायचा. म्हणजे लपवाछपवी संपली आणि उरलं ते समोरच्याचं मन वाचणं. त्यालाही माहीत आहे की तुला माहीत आहे. ब्रिज खेळणारे काका मान डोलावतायत, बरोबर ना?

या सगळ्यात मुलांना एक गोष्ट लागते, ती आपल्याला दिसत नाही. कधीकधी नव्या गेमबरोबर जुनं बळ काढून घेतात. २०१९मध्ये मेगाही गेलं आणि झेडही. शिवाय सगळे जुने प्राणीही नव्या गेममध्ये आणता येईनात. पुढच्या पिढीत डायनामॅक्स गेलं. व्यापाराच्या दृष्टीने ठीक आहे, नवीन काही दाखवल्याशिवाय नवा गेम कोण घेणार! पण ज्या मुलाने सहा वर्षं जपून एक मेगा वाढवला, त्याला एका सकाळी कळतं की याचा आता इथे उपयोग नाही. आमच्याकडे त्या दिवशी जेवण झालं नव्हतं. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी तिकडची डिग्री, तिकडचा अनुभव घेऊन येऊन हे वाक्य ऐकलं आहे, म्हणून सांगितलं. मेगा ऑक्टोबर २०२५मध्ये लेजेंड्स झेड-एमध्ये परत आलं, पण वेगळ्या नियमांनी. तिथे चाली आळीपाळीने नाहीत, लढताना मापक भरतो आणि तो ओसरला की मेगाही ओसरतं. चिरंजीव आता पंधराचे आहेत. खूश झाले, पण "दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्ड" हेही म्हणालेच.

पैशांचा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तर आधीच सांगते. मी वर सांगितलेल्या स्विचसारख्या यंत्रांवरच्या गेम्समध्ये लढतीच्या वेळी बळ विकत घेता येत नाही, ते खेळूनच मिळवावं लागतं. मोबाइलवरचा पोकेमॉन गो निराळा. त्यात २०२०पासून मेगा आहे, त्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः रेडमधून मिळते आणि रेडचे पास पैसे देऊन घेता येतात. तिथे आईवडिलांनी हात आखडता ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हींना एकाच काठीने मारू नका, एवढंच.

आणि एक करून बघा. मूल मागच्या खोलीतून बाहेर आलं की "जिंकलास का?" विचारण्याऐवजी "तुझं एकदाचं कोणावर वापरलंस?" असं विचारा. आमच्याकडे पहिल्या प्रश्नाला "हं" एवढं उत्तर मिळतं. दुसऱ्याला वीस मिनिटं, आणि तीही बरीचशी मराठीत, कारण आजीला कळलं पाहिजे असतं.

तर माझी उपसूचना अशी. लढती बंद करू नयेत. मागच्या खोलीत चार ते सहा एवढाच वेळ ठेवावा, दोनास दोनच्या लढती, मोबाइल बाहेर. मोठ्या पडद्याला एक स्विच जोडावा, म्हणजे अंतिम लढत आजी-आजोबांनाही बघता येईल. प्रत्येक लढत संपल्यावर दोन्ही मुलांनी आपलं बळ तेव्हाच का वापरलं ते मराठीत सांगायचं, मोडकंतोडकं चालेल. पडदा आणि वायर मी आणते. खुर्च्या लावायला दोन माणसं लागतील, त्यांनी चहाच्या वेळी मला नावं द्यावीत.